पान बत्तीस, मग पान पस्तीस

आमच्या नाशकात युरोप मंगळवारी आणि शुक्रवारी येत असे, सकाळी आठ ते आठ पन्नास. निगुडकर सर तो एका निळ्या कापडी फायलीतून आणत, टेबलावर ठेवत, फायलीची नाडी सोडत आणि घंटा झाली की पुन्हा बांधून घरी घेऊन जात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ‘पाश्चात्य संस्कृतीचा इतिहास : साहित्य आणि विचार’ असा एक विषय होता. नाव एवढं लांब, की हजेरीपटाच्या रकान्यात ते मावत नसे आणि कारकून नुसतं ‘पा. सं.’ लिहीत. त्या विषयाला मुलांची झुंबड उडे. कुणाला वाटेल, नाशिकच्या पोरांना ग्रीक-रोमनांची केवढी ओढ! ओढ कसली? या विषयात काही वाचावं लागत नसे. सर सांगत, आम्ही उतरवून घेत असू आणि परीक्षेत तेच पुन्हा उतरवून देत असू. साहित्यातून संस्कृती शिकवणाऱ्या त्या वर्षभरात मी एकही नाटक, एकही काव्य, एकाही विचारवंताचं एकही पान डोळ्यांनी पाहिलं नाही. ग्रंथालयात एक काचेचं कपाट होतं, त्यात ती पुस्तकं होती म्हणे. किल्ली सरांकडे असायची. मूळ पुस्तक वाचलं की विद्यार्थ्याचा गोंधळ होतो, असं सरांचं मत होतं. सर स्वतः कधी गोंधळलेले दिसत नसत, यावरून काय ते समजावं.

सर ठेंगणे होते, आवाज मात्र भारदस्त. एप्रिलच्या उन्हातही अंगात तपकिरी कोट, आणि त्याच्या वरच्या खिशात रुमालाचं टोक. युरोप त्यांनी पाहिला नव्हता. इगतपुरीच्या पुढे घाट सुरू झाला की त्यांना गाडी लागायची, म्हणून मुंबईसुद्धा ते टाळत, हे त्यांनीच एकदा वर्गात सांगितलं होतं. पण बोलताना ‘आमच्या ग्रीसमध्ये’ असं म्हणत आणि आपल्या देशाचं नाव निघालं की ‘तुमच्याकडे’. “तुमच्याकडे कुठली आलीय चिकित्सा? तुमचा माणूस प्रश्नच विचारत नाही, हे तुमचं खरं दुर्दैव,” असं ते दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचे. हे वाक्य उतरवून घ्यायचं की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुली उतरवून घेत. आणि अशाच एका तासाला सिन्नरकडच्या एका मुलाने हात वर केला, तर सर म्हणाले, “हात खाली. शंका शेवटी.” शेवटी घंटा होई आणि सर फायलीची नाडी बांधू लागत. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुढे आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण या कलेत सरांचा हात धरणारं कुणी भेटलं नाही.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यातच होतं. आम्ही माळी. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते, आई, मी आणि धाकटी मंदा, एवढी चार माणसं आणि बाकी सगळी फुलं. गुलाब, निशिगंध, शेवंती, बांधाच्या कडेने झेंडू. पहाटे विहिरीवरच्या इंजिनाची पट्पट् सुरू झाली की दिवस उजाडला असं समजायचं. सूर्य त्यानंतर सावकाश येई. फुलं तोडून ओसरीवर ओल्या गोणपाटावर पसरायची, आणि आई, मंदा आणि मी तिघी हार ओवायला बसायचो. चुलीवर गुळाचा चहा उकळत असे, त्याच्या वासाला निशिगंधाचा वास मिळाला की डोकं गरगरायचं. आजही कुणी लग्नात मला निशिगंधाचा गुच्छ दिला की मला आधी त्या चहाची तहान लागते. सकाळी शिळी भाकरी, कांद्याची पात आणि खरडा. आणि रविवारी आई कुळथाचे शेंगोळे करायची, ते मात्र नाना स्वतः वाढून घेत, कारण आईच्या हाताने वाढलेले त्यांना कमी वाटत.

हार ओवताना माझा अभ्यास चाले. सरांचं सगळं शास्त्र पाठांतराचं. त्यामुळे हात सुईवर आणि तोंड युरोपात, असा माझा परिपाठ होता. मोठ्याने म्हटल्याशिवाय मला पाठ होत नसे. सहा महिन्यांत आईला आणि मंदाला अख्खं मध्ययुग पाठ झालं. मंदा तर झेंडूच्या माळा मोजताना ‘सरंजामशाहीची पाच लक्षणे’ म्हणायची, पाच लक्षणं म्हणजे पाच माळा. आई म्हणायची, “त्या लोकांचं काय का असंना, ववायला ताल बरा लागतो.” आमच्या घरात युरोपचा एवढा तरी उपयोग झाला, कॉलेजात तेवढाही झाला नाही.

ऐकणारे तसे सगळेच होते, पण लक्ष देऊन ऐकत ते फक्त नाना. ते चौथी शिकलेले. खुरपं धुताना, पाट्या भरताना मध्येच थांबून विचारायचे, “मग त्या राजाचं काय झालं?” किंवा “पोप म्हंजी आपल्या शंकराचार्यावानी का?” मी अर्धवट काहीतरी सांगून मोकळी व्हायचे. पण एका वाक्याशी ते अडले ते अडलेच. सरांच्या टिपणात होतं, ‘ग्रीकांनी देवांची भीती बाजूला ठेवून जगाला “का” हा प्रश्न विचारला, आणि त्यामुळे मठांच्या जमिनी वाढत गेल्या व मठाधिपती सुखाने राहू लागले.’ हे वाक्य मी शंभरदा म्हटलं असेल. एकदाही मला ते खटकलं नाही. नानांनी पहिल्याच दिवशी पाटी खाली ठेवली.

“परत म्हण बरं.”

मी परत म्हटलं.

“प्रश्न इचारल्यानं जमीन कशी काय वाढली गं?” नाना म्हणाले. “आपण तलाठ्याला एक प्रश्न इचारला तर व्हती ती कमी व्हती.”

आई हसली, मंदा हसली. मला राग आला, कारण मला उत्तर येत नव्हतं. “तसंच आहे ते,” मी म्हणाले.

“तसंच म्हंजी कसं?”

“मला नाही माहीत. पुण्याहून मोठे सर येणार आहेत कॉलेजात, त्यांना विचारा.” पुण्याचे कुणी येणार आहेत, एवढं तेव्हा नोटीस बोर्डावर लागलं होतं. मी ते पिच्छा सोडवायला म्हणाले. नानांनी ते मनात ठेवलं.

आता रद्दीचं सांगते. गुलाबाच्या जुड्या कागदात गुंडाळून मुंबईला जात. त्यासाठी नाना जुन्या गावातल्या एका दुकानातून रद्दी किलोवर आणत. वर्तमानपत्र ओलं झालं की त्याचा लगदा होतो, म्हणून आईला वह्या आवडत; रेघी कागद दणकट. एका दुपारी मी जुड्या बांधत होते आणि हातातल्या कागदावर ‘सरंजामशाहीची पाच लक्षणे’ दिसली. अक्षर माझं नव्हतं. वही कुणाची ते कळेना, पहिलं पान गेलेलं होतं. पण आतल्या एका पानावर साल होतं, ते चौदा वर्षांपूर्वीचं. मी वाचत गेले. शब्दन् शब्द तोच. तेच दाखले, तीच विशेषणं. एका ठिकाणी समासात त्या मुलाने का मुलीने लिहिलं होतं, ‘येथे सर हसतात.’ सर अजूनही तिथेच हसत. चौदा वर्षांत युरोपच्या इतिहासात हसण्यासारखं नवं काही सापडलं नव्हतं.

निम्मी वही आधीच गुलाबांच्या जुड्यांभोवती गुंडाळून दादरला गेली होती. उरलेल्या निम्म्यात मला ते वाक्य सापडलं, पण ते तसं नव्हतं. ‘जगाला “का” हा प्रश्न विचारला, आणि’ यापुढे ‘अनेक पिढ्या ते तो विचारत राहिले’ असं होतं, आणि मग वहीची चांगली दोन-अडीच पानं भरून मजकूर. ग्रीकांनंतर रोम आलं, वाढलं, मोडलं. रस्ते ओस पडले, शहरं रिकामी झाली. माणसाला मरणाची आणि त्याहून जास्त नरकाची धास्ती बसली. मरायला टेकलेले जमीनदार आत्म्याला शांती मिळावी म्हणून आपली शेतं मठांच्या नावाने करून देऊ लागले, आणि त्यामुळे मठांच्या जमिनी वाढत गेल्या. एवढं साधं होतं ते. आमच्या बांधापलीकडचं शेत एका निपुत्रिक बाईने देवस्थानाला असंच लिहून दिलेलं होतं. नानांना हे एका दमात कळलं असतं.

पुढच्या मंगळवारी मी पहिल्या बाकावर, टेबलाला चिकटून बसले. सरांच्या कागदांच्या कोपऱ्यात लाल शाईने आकडे घातलेले होते. सर त्या दिवशी उजळणी घेत होते. पान बत्तीस संपलं, सरांनी बोटाला थुंकी लावली, कागद उलटला, आणि पुढचं पान पस्तीस होतं. मधला एक कागद, पाठपोट दोन पानं, कधीतरी गळून पडला होता. कुठे पडला, कधी पडला, देव जाणे. सरांना पत्ता नव्हता, कारण सर जे वाचत ते ऐकत नसत. आवाज चढवायचा तिथे आवाज चढला, थांबायचं तिथे थांबले. ग्रीकांनी ‘का’ विचारलं आणि मठांच्या जमिनी वाढल्या. चाळीस जणांच्या लेखण्या खाली वाकल्या.

एकट्या आमच्या वर्गाची गोष्ट असती तर मी ती सांगतही बसले नसते. पण सरांचे विद्यार्थी आसपासच्या कॉलेजांत प्राध्यापक झाले होते, तेही सरांचीच टिपणं घेऊन. पेपर तेच काढत, तेच तपासत. जुन्या प्रश्नपत्रिका चाळताना मला एक प्रश्न सापडला : ‘ग्रीकांच्या जिज्ञासेमुळे मठांच्या जमिनी कशा वाढल्या, ते सकारण स्पष्ट करा.’ सकारण! आणि पोरांनी ते केलंही होतं हो. आमच्या आदल्या वर्षीची एक हुशार मुलगी मला सांगत होती, तिने चार कारणं दिली आणि तिला पंधरापैकी बारा गुण मिळाले. आडातच नव्हतं, पण पोहरे मात्र काठोकाठ भरून वर येत होते. आता पोरं फळ्याचा फोटो मोबाईलवर काढतात म्हणून माझ्या वयाचे प्राध्यापक नाकं मुरडतात, तेव्हा मी गप्प बसते. फोटोत निदान फळ्यावर होतं तेवढं तरी येतं.

मी हे नानांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग सरांना सांग की. आणि नेमकं तेच मला नको होतं. कारण पुण्याचे जे पाहुणे यायचे होते ते तिथल्या एम.ए.च्या विभागाचे प्रमुख. निगुडकर सरांचे जुने स्नेही. सरांनी त्यांच्या नावे चिठ्ठी दिली की प्रवेश आणि वसतिगृहातली खोली, दोन्ही पक्कं, असा आजवरचा रिवाज होता. पुण्यात आमचं कुणी नव्हतं. आईने एकच सांगितलं होतं, “हास्टेल मिळालं तर जा, नायतर कुनाच्या घरात ऱ्हायची नाय.” म्हणजे सरांच्या चिठ्ठीवर माझं सगळं होतं. आणि सरांनी कॉलेजातल्या अभ्यासमंडळाच्या उद्घाटनाला, पाहुण्यांसमोर, निबंध वाचायला मला निवडलं होतं. माझं पाठांतर चांगलं होतं आणि आवाज स्वच्छ, हा माझा गुण. निबंधाचं नाव ‘पाश्चात्य मनाचा प्रवास’. मजकूर अर्थातच फायलीतला. बत्तीस आणि पस्तीस ही पानं त्यात एकमेकांना खेटून बसलेली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी ती वही पिशवीत घालून सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीने मला पडवीतल्या बाकड्यावर बसवलं, फूलपुडीवाले बसत त्याच बाकड्यावर, आणि पाणी दिलं. सर बाहेर आले. घरातही कोट.

“बोल, विमल. पाठ झालं?”

“झालं, सर. फक्त एक विचारायचं होतं. बत्तीस पानानंतर...”

“शंका शेवटी,” सर म्हणाले. घरी, त्यांच्या पडवीत, दोघंच असताना! सवयीने तोंडातून गेलं असेल. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “हे बघ, पत्र लिहून ठेवलंय मी.” आणि कोटाच्या आतल्या खिशातून लिफाफा अर्धा वर काढून दाखवला. “उद्या नीट वाच. तुझ्या समोर त्यांच्या हातात देतो. तुझ्यासारख्या घरातून मुलगी एम.ए.ला जाते, ही आम्हालाही भूषणाची गोष्ट आहे. काय विचारायचं होतं?”

“काही नाही, सर,” मी म्हणाले. वही पिशवीतून बाहेर निघालीच नाही. घरी येईपर्यंत मी सरांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. आज मला वाटतं, त्यातल्या निम्म्या तरी मी माझ्यासाठी ठेवायला हव्या होत्या.

हारांचं काम कॉलेजने नानांनाच दिलं होतं. पाहुण्यांसाठी गुलाबाचा, सरांसाठी निशिगंधाचा, प्राचार्यांसाठी शेवंतीचा. हारवाला माझा बाप आहे, हे कॉलेजात दोन-तीन मैत्रिणींपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मीही ते ठाऊक होऊ दिलं नव्हतं. नाना पाट्या घेऊन आले, हार ताटात मांडून दिले आणि जायचं सोडून सभागृहाच्या दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. मला वाटलं, माझं वाचन ऐकायला थांबलेत. मी मनात म्हटलं, ऐकतील आणि जातील.

सगळं रीतीप्रमाणे झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सरांनी पाहुण्यांची करून दिलेली ओळख, जी पाहुण्यांच्या भाषणापेक्षा मोठी होती. पाहुणे उंच, वाळके, चष्म्यातून खाली बघणारे. मग मी वाचलं. खरं तर वाचलं नाही, म्हटलं. कागद हातात होता तो शोभेला. ग्रीकांनी ‘का’ विचारलं आणि त्यामुळे मठांच्या जमिनी वाढत गेल्या, हे मी इतक्या स्वच्छ आवाजात म्हटलं की पहिल्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी रिवाज म्हणून विचारलं, “कुणाला काही शंका?” असं विचारायचं असतं आणि कुणी काही विचारायचं नसतं, हे आमच्याकडे लहान मुलाला कळतं. प्राचार्य आभाराचा कागद उघडतच होते.

“साहेब, एक इचारू का?”

सगळे मान वळवून दाराकडे बघू लागले. नानांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“पोरीनं वाचलं ते मी घरी बी ऐकलंय. ती म्हनली, पुन्याचे मोठे सर येतील, त्यांना इचारा. म्हनून इचारतो. त्या ग्रीक लोकांनी का म्हनून प्रश्न इचारला, तर त्यानं मठांची जमीन कशी वाढली? मला वाटतं, मधलं कायतरी ऱ्हायलंय.”

मग मागच्या बाकांवर खसखस पिकली, ती पुढे पुढे येत पहिल्या रांगेपर्यंत आली. ‘हारवाला!’ असं कुणीतरी म्हणालं. प्राचार्यांनी शिपायाकडे बघितलं. निगुडकर सर हसले, त्यांचं ते टिपणातलं हसू. हसले नाहीत ते एकटे पाहुणे. त्यांनी चष्मा काढला, नानांकडे नीट बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्या.”

मला उत्तर येत होतं. त्या सभागृहात ते उत्तर येणारी मी एकटीच होते, पाहुणे सोडून. रोम, ओस शहरं, नरकाची धास्ती, मरायला टेकलेले जमीनदार. चार वाक्यांचं काम होतं. आणि ती चार वाक्यं मी बोलले की सर्वांसमोर हे उघड होणार होतं की सर वर्षानुवर्षं एक पान गाळून शिकवत आलेत आणि कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नाही, शेवटी माझ्या बापाच्या आलं. मी सरांकडे बघितलं. सर हसतच होते, पण त्यांचा एक हात कोटाच्या आत गेला होता, लिफाफ्यावर. धमकी वगैरे नसेल ती, सर तेवढे हुशार नव्हते. पण मला तो हात दिसला.

“नाना,” मी म्हणाले, “तुम्हाला नाही कळायचं ते.”

केवढा हशा झाला! सगळ्यांची सुटका झाली होती ना. पोरगी हारवाल्याची, हे कळल्याची आणखी वेगळी गंमत. पाहुण्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि समोरच्या कागदाकडे बघत बसले, पुढे कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. नाना म्हणाले, “बरं बरं,” जसं गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला की म्हणायचे तसं. टोपी घातली, रिकाम्या पाट्या एकात एक घातल्या आणि गेले.

पत्र दिलं गेलं. माझ्या समोर, ठरल्याप्रमाणे. मी सरांच्या पाया पडले. संध्याकाळी घरी गेले तर आईने शिरा केला होता. नाना ओसरीवर बसून तिला सांगत होते, “लय छान वाचलं पोरीनं. येका बी जागी अडकली नाय.” बाकी काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी शिरा खाल्ला, दोनदा मागून घेतला. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण खाल्ला हे खरं आहे, आणि चांगला लागला हेही.

पुण्यात जाऊन मी खरा युरोप वाचला. पुस्तकं हातात घेऊन, कपाटाला कुलूप नव्हतं. त्या लोकांनी प्रश्न विचारणाऱ्यांचं काय केलं तेही वाचलं. कुणाला विष दिलं, कुणाला जाळलं. निगुडकर सरांनी आम्हाला हे सांगितलं नव्हतं, ती पानं गळाली नव्हती, ती मुळात लिहिलीच नव्हती. वाचताना मला त्या जाळणाऱ्यांचा संताप यायचा आणि मी समासात उद्गारचिन्हं काढायचे. पुढे मी स्वतः एकतीस वर्षं हाच विषय शिकवला. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचा गौरवग्रंथ निघाला. त्यात माझाही लेख आहे, ‘प्रश्न विचारायला शिकवणारे गुरू’. मी तो एका बैठकीत लिहिला, आणि तोही कुठे अडकला नाही. ज्याला बघायचा असेल त्याने जुन्या दुकानांतून शोधावा, रद्दीत नक्की असेल.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मी मनाशी ठरवून आले होते. नाना निशिगंधाच्या वाफ्याशी उभे होते, विहिरीचं इंजिन चालू होतं आणि पाटातून पाणी येत होतं. मी जवळ गेले. वर्षभरात त्यांनी मला अभ्यासाचं काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. पत्रात तब्येत, जेवण, थंडीला पांघरूण आहे का, एवढंच असायचं. पूर्वी पोपपासून सगळ्यांची चौकशी करणारा माणूस.

“नाना,” मी म्हणाले, “ते मठांच्या जमिनीचं होतं ना, तुम्ही विचारलं होतं... मधलं राहिलं होतं खरंच. तुमचंच बरोबर होतं. सांगू?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. टोमणाही नव्हता, मी नीट शोधला, टोमणा असता तर मला सोसला असता.

“ऱ्हाऊ दे गं, विमल,” नाना म्हणाले. “मला नाय कळायचं ते.”

आणि फावडं उचलून ते पुढच्या वाफ्याला पाण्याची दारं धरायला गेले.